थोडंफार

तन्वीर मुजावर आला तेव्हा दुपारचे अडीच.
तासगावात ऊन मी म्हणत होतं,
खुर्ची रिकामी, कंपाउंडर जेवायला.
कॉलेजचा सर्व्हे आहे, सर, म्हणाला,
जिल्ह्यातल्या डेंटिस्टना
न्यूरोमस्क्युलर डेंटिस्ट्री कितपत माहीत आहे.
बावीस प्रश्न. दहा मिनिटं.
नाव लिहायचं नाही.

नाव लिहायचं नाही, हे बरं झालं.

पहिला : ही संज्ञा ऐकली आहे का?
ऐकली आहे. सांगलीच्या हॉटेलात, एका रविवारी,
टाय लावलेल्या माणसानं
गालावर चिकटवायच्या पट्ट्या दाखवल्या होत्या.
पडद्यावर स्नायूंची रेघ थरथरत होती.
यंत्र सुलभ हप्त्यांत होतं.
आम्ही टाळ्या वाजवल्या आणि जेवायला उठलो.
'हो'वर खूण.

चौथा : चावा तपासताना
जबड्याचे स्नायू हातानं चाचपता का?

सावळजच्या मालन चौगुले.
कोल्ड स्टोरेजवर बेदाणा निवडायच्या,
सकाळी आठपासून मान खाली,
काळा वेगळा, हिरवा वेगळा, देठ वेगळा.
खालची डावी दाढ दुखते म्हणाल्या.
एक्स-रे स्वच्छ होता. मी काढली तरी.
दोन महिन्यांनी तिच्या शेजारची.
मग वरची.
दुखणं दर वेळी एक घर सरकायचं
आणि मी पक्कड घेऊन त्याच्या मागं.

तिसऱ्या वेळी म्हणाल्या, डॉक्टर,
ही दाढ माझ्याजवळ द्या.
घरी दाखवते. म्हणतात, सोंग करते.

त्या दाढेला कीड नव्हती.
फक्त माथा घासून सपाट,
घाटावरच्या पायरीसारखा.
मला दिसलं.
मी कापूस जरा जास्तच गुंडाळला.

शिकवलं नव्हतं असं नाही.
गालाचा तो जाड पट्टा, कानशिलावरचा पंखा,
दात चावले की कुठं फुगतात,
रात्री झोपेत कोण कुणाला ओढतं,
सगळं पुस्तकात होतं, आठ मार्कांना.
मी तो धडा ऑप्शनला टाकला होता.

बोलण्यात तर रोजच होतं.
रागानं दातओठ खातात,
भीतीनं दातखीळ बसते,
एखाद्यावर वर्षानुवर्षं दात धरतात.
मालनबाई, तुम्ही कुणापुढं
दाताच्या कण्या करत होता
ते मी विचारलं नाही.
मी विचारायचो : गरम लागतं का, गार लागतं का.

सोळावा : या शाखेवर आपला विश्वास आहे का?
तन्वीर, त्या यंत्रांबद्दल
मोठमोठ्या डॉक्टरांचं जमत नाही म्हणे.
कुणी म्हणतं विज्ञान, कुणी म्हणतं दुकान.
मला त्यातलं कळत नाही.
पण बोटं तर फुकट होती.

पर्याय तीनच होते.
मी 'थोडंफार'वर खूण केली,
खोडली,
पुन्हा तिथंच केली.

कागद घेताना त्याला जांभई आली
आणि कानापाशी बारीक आवाज झाला,
कट्.
कधीपासून?
काय, सर?
बस खुर्चीत.

दोन्ही कानांपुढं दोन-दोन बोटं ठेवली.
उघड. मीट. सावकाश उघड.
डावीकडं काहीतरी अडखळून पुढं गेलं,
उंबऱ्याला ठेच लागल्यासारखं.
परीक्षा कधी आहे, मी विचारलं.
झोप लागते का.
तो हसला, मग हसायचा थांबला.
घरी बहिणीचं लग्न मोडलंय, म्हणाला,
आणि पुढं बराच वेळ बोलत राहिला.
माझ्या बोटांखाली
गाल हळूहळू सैल होत होता,
की मलाच तसं वाटत होतं.

तो गेल्यावर जुने केसपेपर काढले.
त्या सालाचा गठ्ठा कसरीनं खाल्लेला,
चौगुले नावाचा अर्धाच कागद, पत्ता नाही.

कंपाउंडर ढेकर देत आला.
साडेपाचला कुणाला नंबर दिलाय, विचारलं.
दोघांना, म्हणाला.
उद्या बोलव म्हटलं.
आणि सावळजची एसटी किती वाजता असते?